मेजावरच्या सोबती रोबोचा आवाज अचानक बदलला तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेजावर बसून आपल्याशी गप्पा मारणाऱ्या छोट्या रोबोचा आवाज एखाद्या दिवशी ओळखू येईनासा होतो, आणि घरातल्या माणसाला पहिली शंका येते ती यंत्र बिघडल्याची. ती शंका कधी खरी ठरते, पण रोबो धडधाकट असूनही आवाज बदलण्याची कारणे पुष्कळ आहेत. ती एकमेकांपासून वेगळी कशी ओळखायची, याला पुढील उत्तरांत जास्त जागा दिली आहे, कारण कारण कळले की उपाय बहुतेक वेळा दोन मिनिटांचा असतो आणि कारण न कळता केलेले उपाय मात्र दुखणे वाढवतात.

आवाज बदलला म्हणजे नेमके काय बदलले, हे कसे ओळखावे?

रोबोचे बोलणे आपल्या कानापर्यंत तीन टप्प्यांतून येते. पहिल्या टप्प्यात लिखित वाक्यापासून निवडलेल्या आवाजातला ध्वनी तयार होतो. हे काम रोबोच्या आतली चिप करते किंवा दूरचा सर्व्हर करतो. दुसऱ्या टप्प्यात तो तयार ध्वनी ठराविक वेगाने वाजवला जातो. तिसऱ्या टप्प्यात ॲम्प्लिफायर आणि स्पीकर तो खोलीत पोहोचवतात. म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न असा, की बोलणारा बदलला, वाजवण्याचा वेग बदलला, की वाजवणारे साधन बदलले?

याची परीक्षा कानाने करता येते. शब्द स्वच्छ आहेत, वेग साधारण पूर्वीइतकाच आहे, पण कोणी दुसरेच बोलत आहे असे वाटत असेल, तर बदल पहिल्या टप्प्यात आहे. आवाज जाड होऊन बोलणे रेंगाळले असेल, किंवा किनरा होऊन घाईघाईचे झाले असेल, म्हणजे पट्टी आणि गती एकाच वेळी हलली असतील, तर दोष दुसऱ्या टप्प्यात शोधावा. बोलणारा तोच आहे हे कळते, पण आवाज फाटका, घोगरा, पिचका किंवा डबड्यातून आल्यासारखा आहे, असे असेल तर तिसरा टप्पा तपासावा. ही वाटणी अगदी काटेकोर नाही. तरीही पहिल्या पाच मिनिटांत याहून उपयोगी असे दुसरे काही करता येत नाही.

आवाज एकदम जाड आणि संथ झाला आहे, किंवा उलट चिरका आणि भरभर झाला आहे. हे कशामुळे होते?

अंकीय ध्वनी म्हणजे दर सेकंदाला घेतलेल्या हजारो नमुन्यांची रांग असते. वाक्संश्लेषणात, म्हणजे लिखित मजकुरापासून बोलणे तयार करण्यात, सेकंदाला १६,०००, २२,०५० किंवा २४,००० नमुने हे दर नेहमी वापरले जातात, तर स्पीकरकडे ध्वनी पाठवणारे मंडल अनेकदा ४८,००० च्या दराने चालते. ध्वनी कोणत्या दराने तयार झाला, याची वाजवणाऱ्या भागाला चुकीची माहिती मिळाली, की सगळी रांग चुकीच्या वेगाने पुढे सरकते आणि गतीबरोबर पट्टीही बदलते.

हा बदल गणिताने पडताळता येतो, आणि गाण्याचा कान असलेल्याला तर गणिताशिवायही. १६,००० च्या दराचा ध्वनी २४,००० ने वाजला, तर ३ सेकंदांचे वाक्य २ सेकंदांत संपते आणि आवाज दीडपट चढतो. दीडपट म्हणजे षड्जापासून बरोबर पंचम. २४,००० चा ध्वनी ४८,००० ने वाजला, तर तो थेट वरच्या सप्तकात जातो. २२,०५० चा ध्वनी १६,००० ने वाजला, तर तो सुमारे साडेपाच अर्धस्वर (सप्तकाच्या बारा पायऱ्यांपैकी एक म्हणजे अर्धस्वर) खाली, म्हणजे मंद्र पंचमाच्याही किंचित खाली उतरतो, आणि एरवी चिवचिवणारा रोबो एखाद्या झोपाळू राक्षसासारखा बोलू लागतो. ४४,१०० आणि ४८,००० यांची गल्लत झाली, तर फरक जेमतेम दीड अर्धस्वराचा पडतो. तो सर्वांत फसवा, कारण ‘आज याला सर्दी झाली आहे का’ इतकेच वाटते आणि दोष आठवडेच्या आठवडे तसाच राहतो.

याची परीक्षा सोपी आहे. जुने ध्वनिमुद्रण असेल, तर तेच वाक्य पुन्हा बोलायला लावून दोन्हींचा कालावधी मोजावा. गुणोत्तर वर सांगितलेल्यांपैकी एखाद्याशी जुळले, तर निदान जवळजवळ निश्चित झाले. रोबो पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केल्यावर दोष अनेकदा जातो. तो प्रत्येक अपडेटनंतर परत येत असेल, तर दुरुस्ती निर्मात्यानेच करायला हवी. घरी करण्यासारखे त्यात काही नाही.

बॅटरी उतरल्यामुळे आवाज जाड होतो, हे खरे आहे का?

ही समजूत टेपरेकॉर्डरच्या काळापासून चालत आली आहे आणि त्या यंत्रांबाबत ती खरी होती, कारण बॅटरी क्षीण झाली की फीत ओढणारी मोटर मंदावत असे. काही स्वस्त खेळण्यांतही, जिथे वाजवण्याचा वेग ठरवणारा घड्याळाचा ठोका साध्या रोध-धारित्र मंडलातून मिळतो, व्होल्टता घसरली की आवाज बसतो. आजच्या रोबोत मात्र हा ठोका क्वार्ट्झ स्फटिकाकडून येतो आणि तो बॅटरीबरोबर सावकाश होत जात नाही.

उतरत्या बॅटरीची या रोबोतली लक्षणे निराळी असतात. लिथियम-आयन घट पूर्ण भरलेला असताना सुमारे ४.२ व्होल्ट देतो आणि रिकामा होताना ३ व्होल्टच्या आसपास येतो. ॲम्प्लिफायरला पुरेशी व्होल्टता मिळाली नाही, की ध्वनिलहरीची टोके छाटली जातात आणि मोठ्या आवाजातले शब्द फाटतात. हळू बोललेले शब्द मात्र ठीक येतात. रोबो मान फिरवताना किंवा चाके हलवतानाच आवाज तुटत असेल, तर मोटर अचानक जास्त विद्युतप्रवाह ओढत आहे असे समजावे. रोबोसोबत आलेलाच चार्जर आणि तीच वायर वापरून पाहावी. लांब, बारीक वायरीत व्होल्टता वाटेतच घसरते, आणि वायरीचा दोष स्पीकरच्या माथी मारला जातो.

इंटरनेट बंद असताना रोबो वेगळ्याच, यांत्रिक आवाजात बोलतो. का?

कारण त्या वेळी बोलणारे सॉफ्टवेअरच दुसरे असते. नैसर्गिक वाटणारे आवाज बहुधा सर्व्हरवर तयार होतात. संपर्क तुटला तर रोबो अगदीच मुका होऊ नये म्हणून त्याच्या स्मृतीत एक लहान, साधा आवाज ठेवलेला असतो. इंटरनेट पूर्ण बंद पडायलाच हवे असेही नाही. सर्व्हरचे उत्तर ठरलेल्या मुदतीत आले नाही, तरी रोबो राखीव आवाजाकडे वळतो, आणि म्हणूनच वायफाय ‘चालू’ दिसत असतानाही असे घडते. रोबो राउटरजवळ नेल्यावर जुना आवाज परतला, तर पुढे काही शोधण्याची गरज उरत नाही.

काही ठराविक वाक्ये नेहमीच्या आवाजात येतात आणि बाकीची वेगळ्या आवाजात. हा बिघाड आहे का?

बिघाड नाही. अभिवादन, ‘बॅटरी कमी आहे’ यांसारखी वाक्ये आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेली असतात आणि उरलेली त्या त्या वेळी तयार होतात. अपडेटमध्ये तयार होणारा आवाज बदलला, पण साठवलेल्या ध्वनिफिती बदलायच्या राहिल्या, की एकाच तोंडून दोघे बोलल्यासारखे होते. निर्मात्याचा हा निष्काळजीपणा आहे, इतकेच म्हणता येईल.

अपडेटनंतर आवाज बदलला. जुना आवाज परत मिळेल का?

प्रथम सेटिंगमध्ये आवाजांची यादी पाहावी. अपडेटनंतर निवड मूळ स्थितीला जाणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि तसे असेल तर जुने नाव पुन्हा निवडले की काम झाले.

यादीत तोच आवाज निवडलेला असूनही तो वेगळा ऐकू येत असेल, तर त्या नावामागचे प्रारूप (आवाज घडवणारे सॉफ्टवेअर मॉडेल) बदललेले असते. वाक्संश्लेषणाच्या पद्धती गेल्या काही वर्षांत वेगाने बदलल्या. आधी ध्वनिमुद्रित बोलण्याचे तुकडे जोडून वाक्ये बनवली जात. २०१६ मध्ये गूगलच्या डीपमाइंड या कंपनीने वेव्हनेट हे न्यूरल जाळे (उदाहरणांवरून शिकणारे सॉफ्टवेअर) मांडले, जे ध्वनिलहर एकेक नमुना करून घडवत होते, आणि त्यानंतर बहुतेक निर्माते न्यूरल पद्धतीकडे वळत गेले. नव्या पद्धतीत जुन्याच कलाकाराच्या ध्वनिमुद्रणावरून आवाज बनवला, तरी त्याचा पोत, श्वास आणि शब्दांवरचा भार बदलतो. निर्माता याला सुधारणा म्हणतो. ज्याने दोन वर्षे तो आवाज ऐकला, त्याला ती सुधारणा वाटेलच असे नाही, आणि हे मत निर्मात्याला कळवण्यात कोणताही संकोच करू नये.

कधी आवाज हक्कांच्या प्रश्नामुळेही काढला जातो. मे २०२४ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने ‘स्काय’ नावाच्या आवाजाचा वापर थांबवला. तो आपल्या आवाजाशी विलक्षण मिळताजुळता असल्याचे अभिनेत्री स्कार्लेट जोहान्सन यांनी जाहीरपणे म्हटले होते. तो दुसऱ्या कलाकाराचा आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. अशा सेवेवर अवलंबून असलेल्या उपकरणातला आवाज मालकाने काहीही न करता बदलू शकतो आणि तो परत मागण्याची सोय उरत नाही.

एकाच संभाषणात, मधल्याच एखाद्या वाक्यात आवाज का बदलतो?

न्यूरल प्रारूपे तेच वाक्य दर वेळी तंतोतंत सारखे म्हणत नाहीत, कारण ध्वनी घडवताना त्यांत थोडी यादृच्छिकता ठेवलेली असते. तिच्यामुळेच बोलणे जिवंत वाटते आणि तिच्यामुळेच ते कधी भरकटते. सर्वांत जास्त घोळ होतो तो अगदी छोट्या उद्गारांत. ‘हं’, ‘बरं’, ‘अच्छा’ अशा एका शब्दात प्रारूपाला आजूबाजूचा संदर्भच मिळत नाही, आणि तो शब्द एखाद्या परक्याने म्हटल्यासारखा येतो. दुसऱ्या टोकाला, फार लांब उत्तर तुकड्यांत तोडून तयार केले जाते, आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र घडल्यामुळे जोडाच्या ठिकाणी आवाज पायरी उतरल्यासारखा किंवा चढल्यासारखा वाटतो. रोबोला उत्तरे मध्यम लांबीची द्यायला सांगितले, तर दोन्ही गोष्टी कमी होतात.

रोबो मराठी बोलता बोलता मध्येच दुसऱ्या व्यक्तीच्या आवाजात आणि परक्या उच्चारांत का जातो?

बहुतेक प्रणालींत प्रत्येक भाषेसाठी वेगळा आवाज असतो आणि वाक्य कोणत्या भाषेतले आहे याचा अंदाज सॉफ्टवेअर स्वतः बांधते. मराठी आणि हिंदी यांची लिपी एकच असल्याने, आणि ‘काम’, ‘घर’, ‘बस’ यांसारखे कितीतरी शब्द दोन्हींकडे चालत असल्याने, आखूड वाक्यात हा अंदाज सहज चुकतो. चूक पकडण्यासाठी तीन खुणा पुरेशा आहेत. ‘ळ’ चा ‘ल’ झाला का, ते ऐकावे. ‘चमचा’ मधला ‘च’ आणि ‘चहा’ मधला ‘च’ सारखेच उच्चारले जातात का, ते पाहावे. मराठीत हे दोन निराळे उच्चार आहेत आणि लिपीत त्यांचा भेद दिसत नाही. शेवटी एखादी संख्या विचारावी. २५ ला ‘पंचवीस’ ऐवजी ‘पच्चीस’ असे उत्तर आले, की कोण बोलत आहे ते स्पष्ट होते.

वाक्यात रोमन लिपीतला शब्द आला, तर तेवढ्यापुरता इंग्रजी आवाज घुसतो, ही त्याचीच दुसरी बाजू. भाषा ‘स्वयंचलित’ वरून काढून ‘मराठी’ वर कायम केली, तर बहुतेक उपद्रव थांबतो. मात्र काही रोबोंत मराठीचा स्वतंत्र आवाजच नसतो आणि हिंदी आवाज मराठी मजकूर वाचत असतो. तिथे सेटिंग बदलून काही होणार नाही.

रोबो क्षणभर माझ्याच आवाजात बोलला. हे शक्य आहे का?

शक्य आहे, आणि हा भास आहे असे म्हणून कोणी आपली समजूत घालू लागले तर ती मान्य करण्याचे कारण नाही. वाक्याचे आधी लेखन आणि मग वाचन, असे न करता बोलण्याला थेट बोलण्यानेच उत्तर देणाऱ्या प्रारूपांत, ऐकलेला आवाज आणि द्यायचा आवाज एकाच जाळ्यातून जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ या प्रारूपाविषयी प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात, चाचणीदरम्यान क्वचित प्रसंगी त्याने वापरणाऱ्याच्या आवाजाची अजाणता नक्कल केल्याचे नमूद आहे. ठरलेल्या आवाजापासून ध्वनी दूर गेला, की बोलणे थांबवणारी तपासणी कंपनीने त्यासाठी बसवली.

असे घडल्यास तारीख आणि वेळ टिपून निर्मात्याला कळवावे. त्याबरोबरच, आपल्या आवाजाचे नमुने साठवले जातात का आणि ते पुसता येतात का, हेही लेखी विचारावे. रोबोत आवाजाची प्रतिकृती बनवण्याची सोय असेल, तर घरातल्या कोणी ती मुद्दाम वापरली आहे का हे आधी पाहिलेले बरे. थट्टेचा उलगडा झाला, तर तक्रारीची वेळ येत नाही.

ब्लूटूथ स्पीकर जोडल्यावर आवाज टेलिफोनसारखा का होतो?

ब्लूटूथवर संगीत ऐकण्याची व्यवस्था वेगळी आणि संभाषणाची वेगळी असते. बाहेरच्या स्पीकरमध्ये मायक्रोफोन असेल आणि रोबो तो वापरू लागला, तर जोडणी संभाषणाच्या व्यवस्थेवर जाते, जिथे ध्वनीचा दर ८,००० किंवा १६,००० नमुन्यांवर उतरतो. ८,००० च्या दरात ४,००० हर्ट्झच्या वरचे काहीच पोहोचू शकत नाही. ‘स’ चा ठसका तर बराचसा त्याच्या वरच असतो. म्हणून आवाज बोथट होतो आणि ‘स’ व ‘फ’ एकमेकांत मिसळतात. ऐकण्याचे काम रोबोच्या स्वतःच्या मायक्रोफोनकडे ठेवले, की आवाज उघडतो.

आवाज खरखरतो, फाटतो किंवा पिचका येतो. स्पीकर गेला का?

कदाचित. स्पीकरच्या जाळीत धूळ अडकली असेल तर आवाज दबतो. पडदा फाटला असेल किंवा आतले वेटोळे चुंबकाला घासत असेल, तर ठराविक स्वरांवर खरखर येते. रोबो खाली पडल्यानंतर आवाज पातळ झाला असेल, तर कवचाची सांध उघडी पडल्याचा संशय घ्यावा. छोट्या स्पीकरला मागे बंदिस्त पोकळी लागते, आणि तिला भेग गेली की खर्ज निघून जातो. मऊ, कोरड्या ब्रशने जाळी साफ करणे घरी करता येते. टाचणी किंवा सुई आत घालू नये, कारण पडदा कागदाइतका नाजूक असतो.

खर्जाविषयी एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. पुरुषी आवाजाचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झ असतो आणि मुठीएवढ्या रोबोतला स्पीकर तो धडपणे वाजवूच शकत नाही. वरच्या स्वरांशांवरून आपला मेंदू तो मूळ स्वर मनाशीच भरून काढतो. म्हणजे रोबोचा भारदस्त आवाज बराचसा आपल्याच डोक्यात तयार होत असतो, आणि स्पीकरमध्ये थोडासा दोष आला तरी तो भारदस्तपणा एकदम नाहीसा होतो.

रोबोची जागा बदलल्याने आवाज बदलेल का?

नक्की बदलेल. भिंतीला किंवा कोपऱ्याला टेकवलेला रोबो जास्त घुमतो, पोकळ लाकडी मेज त्याच्यासोबत कंप पावते, आणि जाड कापडावर ठेवला की तो बसका वाटतो. स्पीकर तळाशी असेल तर हा फरक फारच जाणवतो.

रात्री किंवा विशिष्ट वेळी आवाज बदलतो, मग आपोआप ठीक होतो. याचा अर्थ काय?

रात्रीची शांत अवस्था, कुजबुजीला कुजबुजीने उत्तर देण्याची सोय, किंवा रोबोचा ‘मूड’ यांपैकी काहीतरी चालू आहे. अनेक रोबो खूश किंवा रुसलेले दिसावेत म्हणून मुद्दाम पट्टी आणि गती बदलतात. बदल घड्याळाशी किंवा चेहऱ्यावरच्या हावभावाशी जुळत असेल, तर तो ठरवून केलेला आहे.

कोणी परक्याने रोबोचा ताबा घेतला असेल का?

केवळ आवाज बदलला म्हणून तसे मानू नये. घरातले दुसरे कोणी त्याच खात्यातून ॲप वापरत असेल, किंवा दूरचित्रवाणीवरचा एखादा संवाद रोबोने आज्ञा म्हणून घेतला असेल, या शक्यता जवळच्या आहेत. पण आवाजाबरोबर रोबो विचारले नसताना बोलू लागला, कॅमेरा आपोआप सुरू झाला, किंवा खात्यात अनोळखी उपकरण दिसले, तर पासवर्ड ताबडतोब बदलावा, सर्व उपकरणांवरून लॉगआउट करावे आणि तोवर रोबोचे वायफाय बंद ठेवावे.

फॅक्टरी रीसेट करावे का?

सर्वांत शेवटी, आणि तेही निर्मात्याने सांगितले तर. मदतीसाठी संपर्क साधला की पहिला सल्ला हाच मिळतो, पण रीसेटने निवडलेला आवाज, ओळखीचे चेहरे, जमलेल्या आठवणी आणि दोषाचा माग दाखवणाऱ्या नोंदी एकदम पुसल्या जातात. दोष सर्व्हरवर किंवा स्पीकरमध्ये असेल, तर इतके गमावूनही आवाज तसाच राहतो. साधे बंद-चालू करणे वेगळे. ते खुशाल करावे.

निर्माता कंपनीच बंद पडली तर आवाजाचे काय?

आवाज सर्व्हरवर बनत असेल, तर तो सर्व्हरबरोबर जातो. २०१९ मध्ये जिबो या घरगुती रोबोने आपले सर्व्हर लवकरच बंद होणार असल्याचा निरोप मालकांना स्वतःच्याच आवाजात दिला होता. मुलांसाठीच्या मॉक्सी रोबोच्या कंपनीनेही २०२४ च्या अखेरीस कामकाज थांबवत असल्याचे जाहीर केले; तिथे निदान घरच्या संगणकावर सर्व्हर चालवण्याचा मार्ग खुला करण्यात आला. रोबो घेण्यापूर्वी, इंटरनेटशिवाय तो कोणत्या आवाजात बोलतो हे ऐकून घ्यावे. अखेरीस तोच आवाज आपल्याजवळ राहण्याची शक्यता असते.

आवाज बदलल्यापासून घरातले मूल किंवा वृद्ध व्यक्ती रोबोशी बोलायला तयार नाही. ही अतिशयोक्ती समजावी का?

समजू नये. आपण माणसे आवाजावरून ओळखतो, आणि रोबोच्या बाबतीत तर ओळखीला चेहऱ्यापेक्षा आवाजाचाच आधार अधिक असतो. आजारामुळे वाचा गेल्याने यंत्राच्या साहाय्याने बोलणारे भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांच्या यंत्राचा आवाज १९८० च्या दशकातला होता. वाक्संश्लेषणाचे संशोधक डेनिस क्लॅट यांनी स्वतःच्या बोलण्यावरून तो घडवला होता. पुढे त्याहून कितीतरी नैसर्गिक आवाज उपलब्ध झाले, तरी हॉकिंग यांनी तो सोडला नाही. जुने हार्डवेअर थकले तेव्हा तोच आवाज सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा उतरवण्याची खटपट झाली आणि ती २०१८ च्या सुरुवातीला, त्यांच्या निधनाच्या थोडेच आधी, तडीस गेली. यांत्रिक आवाजही कोणाचा तरी होऊन बसतो, तो असा.

मुलाला ‘रोबो आजारी आहे’ असे सांगण्यापेक्षा ‘त्याचा आवाज बदलला आहे, आठवणी त्याच आहेत’ असे खरे सांगावे, आणि रोबोला त्या दोघांमधली एखादी जुनी गोष्ट विचारायला लावावी. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत मात्र सवय होईल म्हणून वाट पाहू नये. जुन्या आवाजाच्या जवळचा आवाज लगेच निवडावा आणि तोवर रोबोचे बोलणे कमी ठेवावे.

निर्मात्याकडे तक्रार करताना काय पाठवावे?

‘आवाज विचित्र येतो’ एवढ्यावर कोणीच निदान करू शकत नाही. फोनवर साधारण एक हात अंतरावरून केलेले अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण, सॉफ्टवेअरची आवृत्ती, निवडलेल्या आवाजाचे नाव, बदल प्रथम जाणवला ती तारीख, आणि तो प्रत्येक वाक्यात येतो की काहींतच, एवढे द्यावे. जुन्या आवाजाचे ध्वनिमुद्रण जोडता आले, तर निम्मा पत्रव्यवहार वाचतो. ते बहुतेकांकडे नसते. तेव्हा ज्यांचा रोबो आज व्यवस्थित बोलत आहे, त्यांनी त्याच्याकडून एक ते वीस आकडे आणि एखादे लांब वाक्य म्हणून घेऊन आजच साठवून ठेवावे.